फाब्रचे कीटकप्रयोग : गोष्टीतले किती, मुळातले किती, आणि आपल्याकडे कोणते करून बघता येतील?

वर्गखिडकी (प्रश्न)

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी (आठवी-नववी) ज्याँ-आंरी फाब्र या फ्रेंच कीटक-अभ्यासकावर एक सत्र घ्यायचे आहे. चरित्राचा सांगाडा जमला आहे. जन्म २१ डिसेंबर १८२३, सँ-लेओं गावी, गरीब घरात. कार्पाँत्रास, कोर्सिका, आव्हिन्यों अशा ठिकाणी शिक्षकी. १८७९ मध्ये सेरीन्याँ गावात 'हार्मास' नावाची दगडगोट्यांची पडीक जमीन आणि घर घेतले. त्याच वर्षापासून १९०७ पर्यंत 'सुव्हनीर आंतोमोलोजिक' (कीटकांविषयीच्या आठवणी) या ग्रंथाचे दहा खंड निघाले. ११ ऑक्टोबर १९१५ ला तिथेच मृत्यू.

अडचण प्रयोगांची आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळी आवृत्ती सापडते.

१. कुंडीच्या काठावर गोल फिरत राहिलेल्या अळ्या खरेच उपाशी मेल्या का? मधोमध अन्न ठेवले होते का?
२. रातकिडा चाळीस वेळा सरकवला तरी गांधीलमाशी तीच कृती करत राहिली, म्हणजे कीटक शिकतच नाहीत, असे सांगणे बरोबर आहे का?
३. सिकाडांखाली (झाडावर बसून किर्र गाणारे कीटक) तोफ उडवली, हे खरे आहे की दंतकथा?
४. यातला एखादा प्रयोग मुलांकडून करून घेता येईल का? साहित्य, कृती, काय बिघडू शकते, सगळे हवे आहे. किड्यांचे हाल करायचे नाहीत.

---

तणमोर

पहिल्या तिन्हींची उत्तरे देतो, प्रयोगाचे इतर कोणी सांगतील.

अळ्या. या पाइनच्या झाडावरच्या, रांगेने चालणाऱ्या पतंगाच्या अळ्या. पुढची अळी तोंडातून रेशमाचा धागा सोडत जाते, मागची त्यावर स्वतःचा धागा घालते, आणि रांगेमागे एक रेशमी पट्टी तयार होते. फाब्रने त्यांची घरटी हरितगृहात आणून ठेवली होती. तिथल्या पामच्या मोठ्या कुंडीवर त्या चढत. काठाचा घेर १.३५ मीटर. ३० जानेवारी १८९६ ला दुपारच्या आधी रांगेचे तोंड शेपटाला मिळाले. लगेच त्याने वर चढणाऱ्या बाकीच्या अळ्या झटकून काढल्या आणि कुंडीच्या बाजूवरची रेशमी वाट ब्रशने पुसली. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात, पण प्रयोगाचा जीव तीच आहे. खाली जाणारी वाट उरली असती तर वर्तुळ कधीच मोडले असते.

अळ्या सात दिवस फिरल्या. रात्रीच्या थंडीत त्या गोळा होऊन थांबत, ऊब आली की पुन्हा चालू लागत. विश्रांती वजा करून चालण्याचे ८४ तास, वेग मिनिटाला सरासरी ९ सेंटिमीटर, म्हणजे ४५३ मीटर आणि ३३५ फेऱ्या. हा हिशेब फाब्रचा स्वतःचा. मुलांना गुणाकार करायला लावा, जुळतो.

आणि नाही, त्या मेल्या नाहीत. मधल्या दिवसांत थंडी-थकव्याने रांग तुटली, काही अळ्या काठ सोडून भलतीकडे भरकटल्या आणि जाताना धागे टाकत गेल्या. त्या नव्या धाग्यांवरून आठव्या दिवशी बाकीच्या टोळ्याटोळ्यांनी खाली उतरल्या आणि संध्याकाळपर्यंत घरट्यात पोचल्या. कुंडीत मधोमध अन्न नव्हते, पाम होता, आणि या अळ्या पाम खात नाहीत. 'समोर अन्न असूनही उपाशी मेल्या' हे व्याख्यानात टाळ्या घेण्यासाठी कोणीतरी नंतर जोडलेले शेपूट. मला तर खरा शेवटच जास्त मोलाचा वाटतो. सुटका शिस्त पाळणाऱ्यांमुळे झाली नाही, भरकटलेल्यांमुळे झाली.

नंतरच्या संशोधनात आणखी दोन गोष्टी कळल्या. रांग टिकते ती नुसत्या धाग्यावर नाही. अळी पोटाच्या टोकाने वाटेवर एक गंधद्रव्यही लावते, आणि पुढचीच्या मागच्या टोकावरचे केस मागचीच्या डोक्याला लागत राहतात, तो स्पर्शही लागतो.

गांधीलमाशी. ही स्फेक्स जातीची, जमिनीत बीळ करून रातकिडे साठवणारी. शिकार बिळाच्या तोंडाशी ठेवायची, एकटीने आत जाऊन पाहायचे, मग बाहेर येऊन रातकिड्याला शृंगिकेने धरून आत ओढायचे, हा तिचा क्रम. ती आत असताना फाब्रने रातकिडा थोडा दूर सरकवला. बाहेर येऊन तिने तो पुन्हा तोंडाशी आणला आणि पुन्हा एकटी आत गेली. असे चाळीस वेळा. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्याच फाब्रने दुसऱ्या वसाहतीतल्या माश्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हा दोन-तीनदा फसल्यावर त्या रातकिड्याला थेट बिळात घेऊन गेल्या. हे त्याने लपवले नाही, लिहून ठेवले. म्हणून 'कीटक शिकत नाहीत' हे फाब्रच्या नावावर खपवू नका. एकाच जातीतही गटागटांत फरक असतो, एवढेच त्याच्या नोंदींतून निघते.

तोफ. खरी. गावातल्या सणाला उडवायच्या दोन उखळी तोफा मागून आणल्या, घरासमोरच्या झाडांखाली ठेवल्या, काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघडल्या, ऐकायला माणसे बसवली. बार झाला, सिकाडांचे गाणे तसेच चालू. निरीक्षण बिनचूक, निष्कर्ष चुकला. सिकाडा बहिरे असतात किंवा जेमतेम ऐकतात असे त्याने ठरवले. प्रत्यक्षात त्यांच्या पोटाच्या बुडाशी कानाचे पडदे असतात, आणि ते मुख्यतः आपल्या जातीच्या गाण्याच्या कंपनसंख्येला जुळलेले असतात. तोफेचा दणका बराच खालच्या पट्टीतला. शिवाय गाणारा नर स्वतःच्या आवाजाने कान बधिर होऊ नयेत म्हणून गाताना पडदे सैल करतो. मुलांना विचारण्यासारखा प्रश्न असा : 'प्रतिसाद दिला नाही' यावरून 'ऐकले नाही' म्हणता येते का?

---

सूक्ष्मदर्शी

तणमोर यांच्याशी सहमत, फक्त एक भर. फाब्रचे पहिले मोठे काम या गोष्टींत हरवते. १८५५ मध्ये त्याने सेर्सेरिस या शिकारी माशीवर निबंध छापला. त्याआधी लेओं द्युफूर या नावाजलेल्या कीटकतज्ज्ञाने हिच्या बिळातले भुंगेरे आठवडेच्या आठवडे ताजे राहतात हे पाहिले होते आणि माशी त्यांत काही टिकवणारे द्रव्य घालते असा अंदाज केला होता. फाब्रने दाखवले की भुंगेरे मेलेलेच नसतात. ते लुळे असतात. विष्ठा टाकतात, विजेचा हलका प्रवाह दिला की पाय हलवतात.

मग त्याने माशीची नक्कल केली. पेनच्या निबेच्या टोकाला अमोनियाचा बारीक थेंब घेऊन छातीच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडाच्या सांध्यात टोचला. सोंडकिडे आणि ब्युप्रेस्टिस गटातले चकचकीत भुंगेरे लगेच लुळे पडले आणि तसेच राहिले. दुसऱ्या काही गटांतल्या भुंगेऱ्यांना त्याच टोचणीने नुसते झटके आले आणि थोड्या वेळाने ते चालू लागले. कारण शरीररचनेत होते. पहिल्या गटात छातीतल्या मज्जातंतूंच्या गाठी एकमेकींना चिकटून असतात, एका डंखात सगळ्या सापडतात. दुसऱ्यांत त्या लांब लांब असतात. सेर्सेरिसच्या जाती नेमक्या पहिल्या गटातलीच शिकार का धरतात, याचे उत्तर त्यातून मिळाले. १८५६ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला प्रायोगिक शरीरक्रियाशास्त्राचे पारितोषिक दिले.

फाब्र घसरला तो पुढे. डंख नेहमी अचूक जागीच बसतो, चुकला तर वंश बुडेल, म्हणून ही कला हळूहळू घडणे शक्य नाही, असे म्हणत तो उत्क्रांतीला शेवटपर्यंत नाकारत राहिला. १८९८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने अमोफिला या शिकारी माश्यांचे डंख मोजले. संख्या आणि जागा बदलत होत्या, काही सावजे सरळ मरत होती, आणि मेलेल्या सावजांवरही माशीच्या अळ्या वाढत होत्या. 'अचूकच हवा' हा पायाच निखळला. डार्विनने मात्र फाब्रला निरीक्षक म्हणून बिनतोड मानले होते, मतभेद असूनही.

---

वर्गखिडकी

दोघांचेही आभार. डार्विनने त्याला प्रयोग सुचवल्याचे वाचले, ते नेमके काय होते? आणि चौथा प्रश्न अजून उभा आहे. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, त्यांच्यावर वर्तुळाचा प्रयोग जमेल का?

---

तणमोर

सुरवंटांना हात लावू नका. सगळ्यांनाच सारखी खाज सुटते असे नाही, पण मुलांच्या गटात ती जोखीम घेण्याचे कारण नाही. पाइनच्या अळ्यांच्या केसांनी त्वचा आणि डोळे दोन्ही सुजतात. फाब्रने तर त्यांच्यातले द्रव्य ईथरमध्ये उतरवून, टिपकागदावर घेऊन, स्वतःच्या हाताला बांधले होते. फोड, सूज आणि चिघळलेली कातडी बरी व्हायला कित्येक आठवडे गेले. शेवग्यावरचे सुरवंट रांगेची शिस्तही तशी पाळत नाहीत, त्यामुळे प्रयोग जमणारही नाही.

डार्विनची सूचना गवंडी मधमाश्यांच्या घरी परतण्याबद्दल होती. माशी दिशेचा हिशेब ठेवत असेल तर तिला आधी उलट दिशेला न्या, डबी गरगर फिरवा, मग खऱ्या ठिकाणी नेऊन सोडा. फाब्रने माश्यांच्या पाठीवर खडूची पूड आणि बाभळीचा डिंक यांच्या मिश्रणाचा ठिपका दिला, पिशवी फिरवली, काही किलोमीटरवर सोडले. सुमारे तिसरा हिस्सा परत आला. न फिरवलेल्या माश्यांचेही प्रमाण साधारण तेवढेच. म्हणजे फिरवण्याने काही बिघडले नाही.

दुसरी सूचना चुंबकाची. चुंबक केलेल्या सुईचा तुकडा पाठीवर चिकटवला, आणि माशी जमिनीवर लोळायला लागली. कोणीही 'चुंबकाचा परिणाम' म्हणून मोकळा झाला असता. फाब्रने सुईऐवजी गवताची काडी चिकटवली. माशी तशीच लोळली. वर्गात एकच प्रसंग सांगायला वेळ असेल तर हा सांगा, कुंडीचा नको.

---

मातीचे_घर

चौथ्या प्रश्नासाठी सरळ उत्तर : कुंभारीण. भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, पुस्तकांच्या कपाटामागे मातीची घरे करणारी, बारीक लांब कमरेची माशी. आपल्याकडे स्केलिफ्रॉन वंशातली मद्रासपटनम जात सगळीकडे दिसते. फाब्रने याच वंशातल्या युरोपीय जातीवर काम केले, त्या काळी तिचे नाव पेलोपियस होते. म्हणजे त्याचा प्रयोग जवळजवळ जसाच्या तसा इथे होतो.

त्याला काय दिसले ते आधी. ही एकेक कप्पा बांधते, लुळ्या केलेल्या लहान कोळ्यांनी भरते, मग चिखलाने तोंड बंद करते. अंडे सगळ्यात आधी आणलेल्या कोळ्यावर घालते, सगळ्यात खाली. फाब्रने अंड्यासकट तो पहिला कोळी काढून घेतला, आणि नंतर तिने आणलेला प्रत्येक कोळी ती गेली की काढत राहिला. दोन दिवस ती कोळी आणत राहिली, वीस-एक झाले, आणि शेवटी रिकामा कप्पा नीट लिंपून टाकला. दुसऱ्या वेळी त्याने अख्खे घरटेच भिंतीवरून उतरवले. माशी आली आणि घरटे जिथे होते त्या उघड्या भिंतीवरच गिलाव्याचे थर देत बसली.

साहित्य : बोथट टोकाचा चिमटा, दंतवैद्य वापरतात तसा छोटा आरसा, लहान टॉर्च, नखाच्या रुंदीएवढ्या जाड काचनळ्या, कापूस, बारीक ब्रश, पांढरा पोस्टर रंग, घड्याळ, वही.

घरटे निवडताना निदान दोन कप्पे बंद झालेले आणि तिसरा भरत असलेला बघा. पहिलाच कप्पा बांधत असताना छेडले तर ती जागा सोडून जाते, आणि सगळे मुसळ केरात. तिची तेवढी मेहनत आधीच गुंतलेली असेल तर थोडी ढवळाढवळ ती चालवून घेते. पाऊस उघडल्यावर, जवळपास चिखलाची जागा असताना बघा. उन्हाच्या वेळी काम चालते, ढग आले की ती थांबते. या खंडांचे अर्थ लावत बसू नका, वहीत 'ढगाळ' एवढे लिहा.

खूण करणे टाळू नका. एकाच भिंतीवर दोन माद्या असल्या तर नोंदी पार गोंधळतात. ती कप्प्याच्या तोंडात डोके घालून कामात असताना ब्रशच्या टोकाने पाठीवर (पंखांच्या बुडांच्या मधोमध) रंगाचा एक ठिपका. पंखाला लागला तर उडणे बिघडते. खडू आणि डिंकाची खूण लवकर झडते, पोस्टर रंग त्यापेक्षा टिकतो.

मग ती बाहेर गेली की आरशातून बघा, सगळ्यात वरचा कोळी चिमट्याने पायाला धरून काढा. पोटाला धरलात तर फुटतो आणि पुढच्या कामाचा राहत नाही. प्रत्येक फेरीची वेळ, कोळ्याचा आकार आणि ती आत डोके घालून किती वेळ थांबली ते लिहा. अंडे असलेला कोळी शेवटी काढा. अंडे पांढरे, किंचित वाकडे, कोळ्याच्या पोटाला चिकटलेले असते.

एका घरट्यातल्या एकाच कप्प्यावर हा प्रयोग करा आणि शेजारी दुसऱ्या मादीचे घरटे अजिबात न छेडता मोजत राहा. तुलनेला तेच लागते. नाहीतर 'ती थकली म्हणून बंद केला' आणि 'क्रम संपला म्हणून बंद केला' यांत फरक कसा करणार?

काढलेले अंडे वाया घालवायचे नाही. काचनळीत अंडेवाला कोळी ठेवा, त्यावर काढलेले आठ-दहा कोळी, तोंडाला सैल कापूस, नळी आडवी आणि अंधारात. अळी दोन-तीन दिवसांत बाहेर येते, एकेक कोळी संपवते, मग कोष विणते. फाब्र असेच करायचा. इथे बिघडणाऱ्या गोष्टी तीन. बुरशी : नळीत बाष्प दिसले तर कापूस बदला, पाणी शिंपडू नका. मुंग्या : नळ्यांचा स्टँड पाण्याच्या बशीत उभा करा. आणि आयते पाहुणे : नळीतून किंवा जुन्या घरट्यातून हिरवी-निळी चमकणारी माशी बाहेर आली तर ती कुंभारीण नाही, तिच्या घरात अंडे घालणारी परोपजीवी आहे. ती टाकून देऊ नका, वेगळी नोंद करा.

कुंभारीण सहसा डंख करत नाही. पण त्याच छपराखाली कागदी पोळ्याच्या गांधीलमाश्या आहेत का हे मुलांना आणण्याआधी बघून घ्या. त्या एकट्या नसतात आणि चिडतात.

---

कापूसवेचा

मी पतंगाच्या प्रयोगाबद्दल लिहितो, कारण आमच्या शेतातला कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा) त्याच वाटेवर पुढे आला.

फाब्रच्या घरी मे महिन्यात एका सकाळी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या पतंगाची मादी कोषातून निघाली. पंख पसरले की वीतभराच्या जवळपास. त्याने तिला तारेच्या जाळीच्या टोपीखाली ठेवले. रात्री नऊच्या सुमाराला घरात नर शिरले, चाळीसच्या आसपास. आठ रात्रींत मिळून दीडशे. पुढच्या चाचण्या अशा : मादी घट्ट बंद डब्यात ठेवली तर एकही नर आला नाही, मग डबा पत्र्याचा असो, लाकडाचा असो की काचेचा. झाकण जरासे किलकिले केले की आले, डबा कपाटात लपवला तरी. भोवती नॅफ्थलीनच्या (डांबरगोळीच्या) बश्या ठेवल्या, वास दबला नाही, नर आलेच. त्यामुळे सुरुवातीला त्याला वाटले की हा वास नसून कसल्यातरी लहरी असाव्यात.

शृंगिका कापून पाहिल्या तर फार थोडे परतले. इथेही त्याने तुलना केली. दुसऱ्या नरांच्या शृंगिका शाबूत ठेवून पाठीवरचे केस फक्त काढले, तेही जेमतेम परतले. हे पतंग तोंडाने काही खाऊ शकत नाहीत, दोन-तीन दिवसांत संपतात, म्हणून 'परत आला नाही' याला अर्थ देता येत नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले.

उकल झाली ती दिवसा उडणाऱ्या दुसऱ्या पतंगावर. मादी रात्रभर जाळीखाली वाळूच्या परातीवर होती. सकाळी तिला काचेच्या हंडीत घालून खिडकीत, नरांच्या वाटेत ठेवले. नर तिच्यावरून उडत जाऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या जाळीवर आणि वाळूवर जमले. ती बसलेल्या फांदीवरही. कापड, कापूस, भुसा, वाळू यांनी वास धरून ठेवला. काच, संगमरवर, धातू यांवरून तो लवकर गेला. रेशीमकिड्याच्या मादीतले हे द्रव्य बुटेनांट यांनी १९५९ मध्ये वेगळे काढले, त्याला पाच लाख माद्या लागल्या.

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात, पिकाच्या शेंड्याच्या फूट-दीड फूट वर. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त नर पतंग आले की उपाय करायची वेळ. फाब्रची कापूस-काचेची नोंद इथे उपयोगी पडते. प्लास्टिकचा सापळा वास शोषून घेतो. एकदा एका किडीची ल्युअर (वासाची गोळी) लावलेला सापळा दुसऱ्या किडीला वापरला की पकड घसरते आणि शेतकरी म्हणतो ल्युअर नकली आहे. दोन ल्युअर एकाच हाताने लावल्या तरी तेच, हातमोजा बदला.

शाळेसाठी तुतीच्या रेशीमकिड्यावर करा. त्याचे नर उडत नाहीत, फडफडत चालत येतात, त्यामुळे टेबलावर सगळे दिसते. मराठवाड्यात कोष मिळायला अडचण नाही, जालन्याला तर कोषबाजारच आहे. शेतकऱ्याकडून घेतलेले बरे, पण जिवंत आहेत का विचारा. वाफ दिलेल्या किंवा वाळवलेल्या कोषातून काहीच निघणार नाही. (१८६५ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगावर उपाय शोधायला निघालेला पाश्चर फाब्रकडे आला, तेव्हा त्याने कोष कानाशी हलवून 'आत काही आहे की काय' असे विचारले होते, अशी फाब्रचीच आठवण आहे.)

---

वर्गखिडकी

हे जमण्यासारखे वाटते. टेबलावरची कृती टप्प्याटप्प्याने सांगाल का? नर-मादी आधी वेगळे कसे करायचे?

---

कापूसवेचा

वीस-पंचवीस जिवंत कोष घ्या. ब्लेडने कोषाचे एक टोक अलगद कापा, आतला प्यूपा बाहेर घ्या. पोटाच्या बाजूने भिंगाखाली बघा : शेवटाकडे आठव्या खंडावर फुलीसारखी रेघ असेल तर मादी, नवव्या खंडावर ठिपका असेल तर नर. माद्या जाडही असतात. दोघांचे डबे वेगळ्या खोल्यांत ठेवा, पंचवीस अंशांच्या आसपास, उन्हात नाही. पतंग पहाटे-सकाळी निघतात, म्हणून प्रयोग सकाळी ठेवा. आदल्या रात्री डबे एकाच खोलीत राहिले तर सकाळी जोड्या लागलेल्या दिसतील आणि तो नर त्या दिवशी कामाचा नाही.

टेबलावर वर्तमानपत्र. नर मध्ये, २० सेंटिमीटरवर वस्तू. क्रम असाच ठेवा, उलटा नको, कारण वास एकदा टेबलाला लागला की पुढचे सगळे निकाल बाद :

पहिल्यांदा कोरा टिपकागद. नर शांत राहिला पाहिजे.
मग बंद काचेच्या बरणीत मादी, झाकण घट्ट. बरणी मादी घालण्याआधी धुतलेली आणि बाहेरून पुसलेली हवी. बहुतेक वेळा या टप्प्यात गडबड होते ती बरणीच्या बाहेरच्या बाजूला मादीला धरलेले बोट लागल्यामुळे.
मग त्याच बरणीच्या तोंडाला मलमल.
मग मादी तासभर बसलेला टिपकागद, मादीशिवाय.
शेवटी मादी बसलेली काचपट्टी आणि बसलेला कापूस, दोन्ही अर्धा तास उघड्यावर ठेवून.

दर टप्प्याला वर्तमानपत्र बदला, माद्यांचा चिमटा आणि नरांचा चिमटा वेगळा. पंखा बंद. फडफड किती सेकंदांत सुरू झाली आणि नर कुठल्या दिशेला चालला, एवढेच लिहा. प्रत्येक टप्प्याला निदान पाच नर, आणि एका नराला लागोपाठ दोनदा वापरू नका.

---

सूक्ष्मदर्शी

मलमलच्या टप्प्यावर नर वळला नाही तर निकाल ठोकण्याआधी मादीचे टोक बघा. पोटाच्या शेवटी पिवळसर ग्रंथी बाहेर काढलेल्या असतील तरच ती वास सोडते आहे. नुकतीच निघालेली, पंख ओले असलेली मादी घेतली असेल तर तास-दोन तास थांबा.

---

मातीचे_घर

आणि फाब्रचा विंचवाचा प्रयोग कोणी सुचवला तर नको म्हणा. निखाऱ्यांच्या कड्यात सापडलेला विंचू स्वतःला डंख मारून घेतो ही समजूत त्याने तपासली होती. विंचू निपचित पडला, त्याने तो चिमट्याने उचलून गार वाळूवर ठेवला, आणि तासाभरात तो चालू लागला. निकाल सांगा, निखारे आणू नका.

शेणकिड्यांवर वेळ उरला तर एवढेच : रस्त्यावर लोटत नेलेल्या गोळ्यात अंडे नसते, तो खायचा गोळा. अंड्याचा गोळा जमिनीखाली असतो, नासपतीच्या आकाराचा, सुमारे ४५ मिलिमीटर लांब आणि ३५ रुंद, मेंढीच्या मऊ लेंड्यांचा, आणि अंडे त्याच्या मानेतल्या पोकळीत, जिथे हवा पोचते. हे त्याला एका तरुण मेंढपाळाने आणून दिलेल्या गोळ्यावरून कळले. पाळून बघायचे असेल तर परातीत वीतभर खोल ओलसर वाळू, मुठीत दाबली की गोळा राहील पण पाणी सुटणार नाही इतकीच, वर जाळी. शेण कुठल्या गुराचे ते विचारून घ्या. जंतासाठी आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या शेणात ते उतरते आणि अळ्या मरतात, मग तुम्ही ओलाव्याला दोष देत बसाल. किडे अभयारण्यातून उचलू नका, गायरान पुरते.